बोटांनी ओळखायचं तेल

"दमान, पात्रांव. बोटां सांगतत."

तेलाची पट्टी इंजिनातून बाहेर काढायची, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, डोळे मिटायचे आणि चोळत राहायचं. आमचे मिस्त्री असे उभे राहिले की गिऱ्हाइकाने गप्प बसायचं. एकदा एकजण मध्येच मोबाईलवर बोलायला लागला, तर यांनी पट्टी पुसून जागेवर ठेवली आणि "तुमचा होवंदे" म्हणून चहाला निघून गेले.

मालवणहून तारकर्लीकडे जाताना फणसाच्या झाडाखाली त्यांचं गॅरेज होतं. चार पत्रे, एक बाकडं आणि भिंतीवर एक लाकडी क्रूस. गिऱ्हाईक बागायतदार असो की ओरोसच्या जिल्हा कचेरीतला साहेब, ते सगळ्यांना पात्रांव म्हणत, म्हणजे मालक. मालकाचं ऐकायची पद्धत मात्र तिथे नव्हती. नव्या गाडीला ते हात लावत नसत. "तिका कंप्युटर आसा, माका कित्याक विचारतास?"

जुन्या गाडीवर त्यांचा जीव. गाडी आली की आधी अर्धा तास थंड होऊ द्यायची, कारण गरम असताना सगळीच तेलं पातळ लागतात. तोवर तुम्ही बाकड्यावर बसायचं आणि व्याख्यान ऐकायचं. जुन्या इंजिनाचे भाग झिजतात, मधल्या फटी वाढतात, पातळ तेल त्यातून निसटतं, दाट तेल टिकून राहतं. शेवटचं वाक्य ठरलेलं असे. "म्हाताऱ्या माणसाक पेज पातळ होयी, म्हाताऱ्या गाडयेक तेल दाट होया." तुमच्याही गावात असा कुणीतरी असेलच, ज्याचं बोलणं तुम्हाला पाठ असतं आणि तरी तुम्ही ते ऐकून घेता.

माझ्याकडे वडिलांची अँबेसेडर आहे. आई दरवर्षी तिच्यातून मिठबावला माहेरच्या देवीची ओटी भरायला जाते. ही गोष्ट घडली त्या वर्षी वय चौऱ्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले. बाकीच्या गाड्यांत तिचे पाय मावत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मावले असते तरी ती बसली नसती. त्या वर्षी महिनाभर आधीपासून तिचा घोष सुरू होता. "औंदा नेतलंस मा रे? फुडच्या वर्साचा काय सांगूक येणा नाय."

मग मी शहाणपणा केला. एवढ्या मोठ्या प्रवासाला निघायचं म्हणून गाडीला सणाचे कपडे घालावेत तसं सगळ्यात महागडं, नव्या गाड्यांचं तेल आणलं आणि मिस्त्रींना न विचारता दुसरीकडे बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी इंजिन टकटक करायला लागलं. अंगणात गाडीखाली ठेवलेली करवंटी संध्याकाळपर्यंत तेलाने अर्धी भरली. ओटीला तीन दिवस उरले होते.

गुन्हा कबूल करायच्या तयारीने गॅरेजवर गेलो. मिस्त्री तसे आधीच कमी बोलायला लागले होते, पण ते मी वयावर टाकलं होतं. गाडी थंड झाल्यावर त्यांनी पट्टी काढली, थेंब चोळला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग म्हणाले, "बरा आसा."

 ते तेल पाण्यासारखं होतं, माझ्यासारख्या कारकुनालाही कळत होतं. माझा चेहरा पाहून त्यांनी ओळखायचं ते ओळखलं आणि ते बाकड्यावर बसले.

"पात्रांव, बोटां गेली. शुगर. वरीस झाला, काय लागणाच नाय."

वर्षभर ते इंजिनाच्या आवाजावर आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून निभावत होते. डोळे मिटून उभे राहायचे ते सवयीने. मला फार वाईट वाटलं. माझ्या गाडीची काळजी होतीच, पण त्या क्षणी ती आठवली नाही.

"आता मिठबावक कसा जातलास?" त्यांनीच विचारलं. मग उठले. एका डब्यातलं दाट तेल आणलं, त्याचा थेंब माझ्या बोटावर ठेवला आणि माझा हात मनगटाशी धरून म्हणाले, "चोळा. थंडीत खोबरेल गोठूच्या आधी कसा दाट होता, तसा लागता काय?"

लागत होतं. दुसऱ्या डब्यातलं नव्हतं लागत. मी ओळखत गेलो, ते मान हलवत गेले. पातळ तेल काढलं, दाट भरलं. दोन दिवस गाडी चालवून पाहिली. टकटक थांबली, करवंटी जवळजवळ कोरडी राहिली. तरी सकाळी निघताना मिस्त्री फाटकाशी हजर. "मी येतंय. कान अजून चलतत."

पुढच्या सीटवर ते कान देऊन बसले, मागे आई ओटीचं ताट मांडीवर घेऊन. मिठबावच्या चढावर आई म्हणाली, "मिस्त्री, गाडी बरी चलता."

"तुमच्या झिलाची बोटां बरी आसत, आये," ते म्हणाले.

नोकरीत मला एवढं बरं कुणी म्हटलं नव्हतं.

पुढे गॅरेज बंद झालं आणि ते म्हापशाला मुलीकडे राहायला गेले. रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. "बोटां काय सांगतत?" मी पट्टी काढायचो, चोळायचो, सांगायचो. त्यांना तब्येत विचारली की म्हणायचे, "माझा सोडा, गाडयेचा सांगा." मागच्या वर्षी मुलीचा फोन आला, ते गेल्याचा.

तेल अजून मीच बघतो. यंदा ओटीच्या दिवशी सकाळी पट्टी काढली, थेंब बोटांत घेतला आणि सवयीने खिशातला फोन काढला. नंबर लावायच्या आधीच थांबलो. हात तसाच राहिला.

आई पायरीवर ताट घेऊन बसली होती. 

"काय रे," ती म्हणाली, "बोटां काय सांगतत?"

मी डोळे मिटले आणि चोळून पाहिलं.

"बरा आसा," म्हटलं. "चल."