साहेबांचा हुजऱ्या

भांडण झालं बाहेरच्या खोलीत, आणि ती आत ताटं पुसत होती. मुलाच्या लग्नाला आठवडाही उलटला नव्हता.

"माझ्या लग्नात तुम्ही माझे बाप होतात, की साहेबांचे हुजरे?" मुलगा विचारत होता.

झालं होतं असं. तिचा नवरा कचेरीत साहेबांचा शिपाई. साहेब बसले की हा खुर्चीमागे, हातावर त्यांचा कोट. सवय हाडीमासी खिळलेली. लग्नाला साहेब आले आणि नवऱ्या मुलाचा बाप कोट घेऊन त्यांच्या मागे उभा! सुनेच्या काकांनी नोकर समजून रिकामा पेला हातात दिला. यानं तोही निमूट विसळून आणला.

"अरे, हुजऱ्या म्हणजे काय वाईट?" नवरा म्हणाला. "हुजुरांच्या समोर ज्याला उभं राहू देत, तो हुजऱ्या. मोठमोठे सरदार बाहेर ताटकळायचे, आणि हा आत!"

"ते राजाच्या काळात. आता पुढेपुढे करणाऱ्याला म्हणतात. तुमच्या माघारी कारकूनसुद्धा म्हणतात."

आत तिच्या हातातलं ताट कधीच कोरडं झालं होतं, तरी ती पुसत राहिली. एक पोटचा, दुसरा जन्माचा. बाजू घ्यायची कुणाची?

मुलगा सुनेला घेऊन परगावी गेला. जाताना बजावलं, "ही हुजरेगिरी सोडाल, तेव्हाच माझ्या घरी या."

पुढे साहेब निवृत्त झाले, मागोमाग हाही. तिला वाटलं, सुटलो. कसलं काय! हा रोज सकाळी साहेबांच्या घरी हजर.

"अहो, आता कुठले साहेब? दोघंही घरी बसलेले म्हातारे!"

"अगं, त्यांना बुटाच्या नाड्या बांधता येत नाहीत."

"मग चपला घाला म्हणावं!"

अशात नात झाली. मुलाचा फोन आला, "आई, बाबांनी सोडलं असेल तर दोघं या." त्या रात्री ती नवऱ्याशी भांडली नाही, नुसती रडली.

"सोडलं म्हणून कळव," तो म्हणाला. "सकाळी साहेबांच्या कानावर घालतो, दुपारच्या गाडीनं निघू."

तिनं कळवलं, पिशवी भरली. तो परतलाच नाही. वाटेत छातीत कळ आली आणि रस्त्याकडेला बसला, तो बसलाच.

मुलगा धावत आला. "बाबांनी सोडलं होतं ना गं?"

"हो रे," ती म्हणाली.

खरं काय ते साहेबांनी तिला एकटीला गाठून, डोळे पुसत सांगितलं. सकाळी तो काहीतरी बोलायला म्हणून उभा राहिला होता. पण साहेबच आधी म्हणाले, "बरा आलास, बुटाचा तळ सुटलाय." तो बूट घेऊन गेला. चांभारापाशी बसून तळ शिवून घेतला. परत येऊन बूट पुसले आणि उंबऱ्याशी टोकं बाहेर करून ठेवले, म्हणजे साहेबांना वळावं लागू नये.

"अजून काही, साहेब?"

"काही नाही. उद्या जरा लवकर ये."

"बरं, साहेब," तो म्हणाला, पाठ न दाखवता दारापर्यंत मागे सरकला आणि जिना उतरला.