हात धुवून या

"मावशी, हात धुवून या. यंत्र घाण होतंय."

पणजीतल्या आमच्या कॉलेजचं ऑफिस. फी सवलतीसाठी पालकाचा अंगठा यंत्रावर जुळावा लागतो. शेवटचा दिवस. जुळला नाही तर माझं दुसरं वर्ष गेलं. वडील नाहीत, म्हणून आई कामावर खाडा करून पार्सेहून पहिल्या बसने आली होती.

ती धुवून आली. लाल दिवा. पुन्हा पाठवलं. पुन्हा लाल.

"साबणान जाणा नाय ता, सायबानू," आई म्हणाली. "काजीचां तेल."

मागे एक गृहस्थ गाडीची किल्ली फिरवत उभे होते. "मेंदी कोणाच्या लग्नाची गो?" म्हणाले. रांग हसली. मीही थोडी हसले. का हसले, अजून सांगता येत नाही.

आई गावातल्या कारखान्यात काजू फोडते. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बोटांना राख चोळते. हातमोज्यांत हात भरभर चालत नाही आणि मजुरी किलोवर. बोटं काळी पडली, रेषा झिजल्या. तेच गर पणजीच्या दुकानात पांढरेशुभ्र, फीत बांधलेल्या डब्यात. एक डबा म्हणजे आईचे दोन दिवस. कॉलेजला जाता-येता मी तो डबा रोज बघते. बोलले मात्र कधी नाही.

"परत एकदा धुवा," क्लार्क म्हणाला. "नीट घासून."

आईने हात पदराखाली घेतले आणि ती नळाकडे वळली. माझी नजर फॉर्मवर गेली. आईचा व्यवसाय: गृहिणी. अक्षर माझंच. आदल्या दिवशी लाजून लिहिलेलं. त्या गृहस्थांच्या आधी तिचे हात मी लपवले होते.

"आई, थांब. धुवायचे नाहीत."

आवाज चिरकला माझा. गृहिणी खोडलं. वर लिहिलं, काजू फोडणारी कामगार.

"खाडाखोड चालत नाही."

"मग नवा फॉर्म द्या. आणि डोळ्यांवरून ओळखणारं यंत्र असतं, ते मागवा. हिच्या अंगठ्यावर रेषा नाहीत. कामाने गेल्यात."

"नवा फॉर्म भरा आणि रांगेत शेवटी उभ्या राहा."

राहिलो. आई कुजबुजली, "सोड गो बाय. वर्स जायत तुजां."

जाऊ दे. मी तिचा हात पदरातून बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. यापुढे कुठल्याही कागदावर मी तिला गृहिणी लिहिणार नाही. आणि हात धुवायला तर कोणाला पाठवू देणारच नाही.