एसटीनं आलेले आजोबा

आमच्या गावात उन्हाळ्यात मेलेली माणसं जेवायला येतात, आणि त्यातली काही एसटीनं येतात.

घाबरू नका. वर्धा जिल्ह्याच्या अगदी वरच्या टोकाला, आर्वीहून निघालेली एसटी पुढे रस्ताच नाही म्हणून जिथं वळते, तिथं आमचं गाव आहे. उन्हाळ्यात भर दुपारी इथं बाहेर फक्त कुरडया असतात. त्या खाटेवरच्या जुन्या लुगड्यावर वाळत पडलेल्या असतात आणि माणसं घरात भिंतीला पाठ लावून पडलेली असतात. फोनला रेंज हवी असेल तर पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी चढावी लागते. या दिवसांत त्या शिडीला हात लावला तर फोन धरायला हात उरत नाही. त्यामुळे 'निघालात का, कुठवर आलात' असल्या चौकशा आमच्याकडे कोणी करत नाही. जो येईल तो आला.

तर अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितर जेवतात. म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं बाहेरचा एक जिवंत माणूस जेवायला बोलावतात. त्याचे पाय धुतात, त्याला पाटावर बसवतात, आणि वर्षातला पहिला आमरस त्याच्या वाटीत पडतो. तोवर घरात कोणी आंब्याला हात लावायचा नाही. जेवताना पितरानं बोलायचं नाही, असाही नेम आहे. (मेलेला माणूस बोलायला लागला तर जिवंतांचं कठीण व्हायचं, असा त्यामागे विचार असावा.)

आमच्या घरी यात आईची एक भर आहे. आजोबा होते तोवर आई त्यांच्यापुढे डोक्यावर पदर घेऊन वावरली आणि हू की चू बोलली नाही. ती सगळी कसर ती आता वर्षातून एकदा भरून काढते. पितर पाटावर बसले की समोर बसून त्यांना वर्षभराच्या साऱ्या घरच्या गोष्टी सांगते, अगदी खऱ्या. घरच्यांपासून लपवलं तरी चालेल, पण मामाजींपासून काही लपवायचं नाही, असं तिचं मत आहे. (सासऱ्यांना आमच्याकडे सुना मामाजी म्हणतात.)

त्या वर्षी पंचाईत अशी झाली, की आमचे नेहमीचे ठरलेले पितर गुडघे दुखतात म्हणून हिंगणघाटला लेकीकडे जाऊन बसले. सणाच्या दिवशी पितर मिळणं सोपं नसतं. साऱ्या गावाला एकाच वेळी पाहिजे असतात. शेवटी बाबांनी कोणाच्या तरी ओळखीनं दुसऱ्या गावचे एक किसनाजी ठरवले. "धोतर, टोपी, पांढरी मिशी. दुपारच्या एसटीनं येतीन," एवढीच माहिती. त्यांना आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं.

आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, माझ्या धाकट्या बहिणीला, वैशूला, पाहायला पाहुणे येणार होते. पुरण घातलेलंच आहे, तर एकाच पुरणात दोन्ही कामं उरकू, हा बाबांचा हिशोब. वैशूनं आधीची दोन स्थळं स्वतःच मोडली होती. हा मुलगा तिनं आर्वीला एका लग्नात पाहिला होता, आणि यावेळी विचारायच्या आत हो म्हणाली होती. त्या दिवसापासून सारं घर, गरम तवा उचलावा तसं जपून चालत होतं. आईनं तर मला बजावून ठेवलं होतं, "तू पाहुन्यांसमोर जास्त तोंड उघडू नको." कारण मी नागपूरला मोठ्या कंपनीत साहेब आहे, असं त्यांना सांगून झालं होतं. कंपनीत मी होतो हे खरं. उन्हाळा लागायच्या आधीच कंपनीनं मला घरी पाठवलं होतं, हे सांगायचं राहून गेलं होतं.

त्या सगळ्या धावपळीत माझ्याकडे काम एकच होतं. बसस्टॉपवरून पितर आणायचे.

एसटी आली. धुरळा बसल्यावर पाहतो तर धोतर, टोपी, पांढरी मिशी. मी पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवीच घेतली.

"या, या. तुमचीच वाट पाहून राह्यलो."

ते दचकले. "माही? मी येनार हे तुमाले कसं समजलं?"

"बाबांनी सांगतलं न. धोतर, टोपी, मिशी. चला, ताट तयार हाय."

(हे किसनाजी नव्हते. मला हे फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. निदान तुमचा तरी गोंधळ नको. हे होते वामनराव, वैशूला पाहायला येणाऱ्या मुलाचे वडील. त्यांनाही आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. बाकीची मंडळी जीपनं सायंकाळी येणार होती. पण मुलीचं घर न सांगता, गुपचूप आधी जाऊन पाहायचं, अशी त्यांची रीत. खरे किसनाजी त्याच एसटीत मागच्या सीटवर घोरत होते. मी वामनरावांना घेऊन निघाल्यावर कंडक्टरनं त्यांना हलवून उठवलं.)

घरी आलो. बाबांनी अंगणातच पितळी घंगाळात त्यांचे पाय धुतले. वामनराव ओशाळले. "आवो, येवढं कायले करता?"

"आता बोलू नका," बाबा हात जोडून म्हणाले. "पाटावर बसनाऱ्यानं बोलत नसते. आमच्या घरची रीत हाय."

वामनरावांनी तोंड मिटलं. घरोघरच्या रीती वेगळ्या, पहिल्याच भेटीत सोयऱ्यांच्या रीतीला कशाला आडवं जा, असा त्यांनी विचार केला. (हे त्यांनीच नंतर सांगितलं. माणूस समजूतदार, आणि इथंच ते फसले.) त्यांना मधल्या खोलीत नेऊन पाटावर बसवलं. समोर आजोबांचा हार घातलेला फोटो. बाबांनी फोटोला गंध लावलं, मग तेच गंध वामनरावांच्या कपाळाला लावलं. वामनराव एकदा फोटोकडे, एकदा ताटाकडे पाहू लागले. ताटात पुरणपोळी, वडे, कढी आणि वाटीभर रस होता. त्यांनी ताटाकडे पाहायचं ठरवलं.

आई डोक्यावर पदर घेऊन समोर बसली. "मामाजी," ती म्हणाली.

वामनरावांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मामाजी, आज पोरीले पाहाले पाहुने येनार हायत. तिले सैपाक येत नाई. ह्या पोया म्या केल्या, पर पाहुन्यांना तिनंच केल्या म्हनून सांगनार हाय. तुमी रागावू नका."

वामनरावांचा घास हातातच राहिला.

"पोरगा चांगला हाय म्हन्तेत. त्याचा बाप मातर लई खडूस हाय म्हन्तेत मामाजी. सुनेले घरात नीट राहू देईन का नाई, कोनाले मालूम. त्या म्हाताऱ्याले तुमी जरा सुबुद्धी द्या."

वामनरावांनी हात वर केला. त्यांना थांबा म्हणायचं होतं. बाबांनी लगबगीनं मला खूण केली, "रस वाढ. हात वर करून राह्यले." मी रस वाढला. त्यांनी दोन्ही हात वर केले. मी दुसरीही वाटी भरली.

"आन हा आमचा गजू," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "नोकरी गेली त्याची. दिवसभर कूलरपुढे झोपते. साधा बसस्टॉपवरून मानूस आनाले पाठवला तरी मले भरवसा नाई. त्यालेही थोडी बुद्धी द्या, उरली तर."

मला जरा वाईट वाटलं. पितरासमोर वाद घालता येत नाही म्हणून मी कुरडया आणायला उठलो.

इकडे बाहेरच्या खोलीत काय चाललं होतं ते ऐका. किसनाजी विचारत विचारत घरापर्यंत आले होते. तिथं आमचे काका पाहुण्यांच्या स्वागताला कूलर लावून तयार बसलेले. दारात धोतर, टोपी, मिशी पाहिली आणि काका ताडकन उठले. पाहुणे लवकरच आले! त्यांनी किसनाजींना सोफ्यावर, कूलरच्या बरोबर तोंडासमोर बसवलं आणि वैशूला हाक मारली. ती बिचारी अर्धवट निऱ्या सावरत पोहे घेऊन आली आणि मान खाली घालून उभी राहिली.

किसनाजींनी पोह्यांकडे पाहिलं. सकाळपासून ते उपाशी होते, पितर म्हणून जेवायचं असलं की काही खात नाहीत. "मले जेवाले बलावलं होतं," ते म्हणाले.

"जेवनही होईन," काका हसून म्हणाले. "पयले पोरगी तर पाहून घ्या."

"कायले?"

काकांना वाटलं, हे फारच मुरलेले सोयरे दिसतात. "बरं, तुमच्या पोराचं सांगा. ऑफिसात कसं चाललं हाय त्याचं?"

"माहा पोरगा? तो बकऱ्या चारते," किसनाजी म्हणाले. "ऑफिसात कायले जाईन?"

काका हादरले. मी कुरडया घेऊन दारातून जात होतो, मलाही ते ऐकू आलं. माझ्याआधी काकाच मधल्या खोलीत घुसले.

"भाऊ, फसवलं आपल्याले," ते बाबांना म्हणाले. "पोरगा नोकरीवर गिकरीवर काई नाई. बकऱ्या चारते म्हन्ते बाप. म्या स्वता विचारलं. ही सोयरीक आता इथंच मोडा."

पाटावरचे पितर हातवारे करू लागले. बाबांनी सवयीनं रसाची वाटी उचलली.

"आवो, माहा पोरगा बकऱ्या नाई चारत!" पितर ओरडले.

आईनं किंचाळून पदर तोंडावर ओढला. आजोबा गेल्यापासून पाटावरून बोललेले तिनं पहिल्यांदाच ऐकले होते. पुढचा काही वेळ कोण कोणाशी बोलत होतं ते मला सांगता येणार नाही. काका विचारत होते, आत बसलेले कोण. बाबा विचारत होते, बाहेर बसलेले कोण. वामनराव सांगत होते ते कोण, आणि आई पदराआडून म्हणत होती, मी काय काय बोलून बसली व माय. हळूहळू सगळ्यांचे चेहरे एकामागून एक माझ्याकडे वळले.

वैशू पोह्यांची ताटली घेऊन दारात उभी होती. डोळे भरलेले होते तिचे. "दादा," ती म्हणाली, "तुले एक मानूस आनाले सांगतला होता. एक." मला आयुष्यात एवढं मेल्यासारखं कधी झालं नाही.

वामनरावांनी वाटीतला रस संपवला, हात धुतले, पाटावरून उठले आणि वैशूसमोर जाऊन उभे राहिले.

"तुले सैपाक येत नाई?"

"नाई," वैशू म्हणाली.

"पोया तुह्या मायनं केल्या?"

"हो."

"माहा पोरगा पसंत हाय का तुले?"

तिनं मान वर केली. "हाय."

"मंग झालं. सैपाक त्याले येते." मग ते आईकडे वळले. "मी धा घरं फिरलो बाई. पाहुन्यांसमोर सारे गोडच बोलतेत. खरं कोनी सांगत नाई, म्हनून तर मी आधी येतो. तुमी मले जेवढं खरं सांगतलं, तेवढं अजून माह्या घरच्यांनीही सांगतलं नाई. सुबुद्धीचं म्हनाल तर तुमच्या मामाजीनं आयकलं समजा."

वैशू ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथं आवाज दाबून रडली. मीही मागे जाऊन रडलो. मला कोणी विचारलं नाही.

"आन मी कोन हाय?" कूलरसमोरून किसनाजींनी विचारलं. प्रश्न योग्य होता. आजोबा तर जेवून उठले होते. बाबांनी थोडा विचार केला, दुसरा पाट मांडला, किसनाजींच्या पांढऱ्या मिशीकडे एकदा पाहिलं, आणि आजीचं नाव घेऊन त्यांना जेवायला वाढलं. आजी जितकी जेवायची त्याच्या चौपट ते जेवले.

लग्न झालं. वैशूच्या सासरी स्वयंपाक अजून तिचा नवराच करतो. वामनराव दर अक्षय तृतीयेला दुपारच्या एसटीनं हक्कानं येतात, कारण आमच्या घरचे पितर आता तेच. वैशू त्यांना वर्षभर मामाजी म्हणते, आणि त्या एका दुपारी तिची आईही त्यांना मामाजी म्हणते. त्यांना पाटावर बसवून आई वैशूच्या सासरच्यांची तक्रार करते. ते निमूटपणे ऐकतात. पितरानं बोलायचं नसतं.

खरी अडचण माझी झाली आहे. मला मुलगी द्यायला निघालेली माणसं आधी वामनरावांकडे चौकशीला जातात. आमच्या भागात त्यांच्या शब्दाला वजन आहे. मी त्यांना हात जोडून विनवलं, दोन शब्द चांगले सांगा. ते म्हणाले, "कसं सांगू बाप्पा? तुह्या मायनं तुह्याबद्दल जे सांगतलं, ते म्या आजोबा म्हनून आयकलं हाय. आजोबाच्या तोंडून खोटं निघाले नाई पाह्यजे."

म्हणून माझं अजून जमलेलं नाही. दर उन्हाळ्यात मी बसस्टॉपवर उभा राहतो, आजोबांची पिशवी घेतो आणि त्यांना घरी आणतो, म्हणजे यंदा माझ्यात काय काय कमी आहे ते आई त्यांना सांगू शकेल.