मातामायला घातलेलं पाणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो गेला. बहिणीला नाही. विहारात डोळे मिटून बसते, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा या गोष्टीला वळसा घालून जाते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला जमतंय.

विहारातल्या तरुण सुना मला विचारतात, काकू, मुलांना धर्म कसा शिकवायचा? की मोठी झाल्यावर त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं? मी चौथी शिकलेली बाई. पण पांढरं लुगडं, पांढरे केस — लोकांना वाटतं, हिला कळत असेल. मी म्हणते, शिकवा, लहानपणीच शिकवा. त्या माना डोलावतात. मग घरी येते आणि भाकरी घशाखाली उतरत नाही — नाही, खोटं कशाला? उतरते. इतकी वर्षं उतरतेच आहे.

माझा नवरा कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या कामावर होता. संध्याकाळी अंगावरची काळी धूळ धुतली की मेणबत्ती लावायचा आणि सगळ्यांना बुद्धाच्या फोटोसमोर बसवायचा. त्याच्या बापाने दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. या घरात आता नवस नाही, अंगारा नाही, हे तो मुलांना अभिमानाने सांगायचा.

त्याची एक पद्धत होती. पंचशील म्हणून झालं की आज कोणतं शील मोडलं, ते प्रत्येकाने सांगायचं. आधी तो स्वतः सांगायचा — ड्युटीवर डोळा लागला आणि साहेबाला म्हणालो, जागाच होतो. मग मुलं. खरं सांगणाऱ्याला त्याने कधी बोट लावलं नाही. चांगली पद्धत होती. मी नासवली.

आमच्या सुजाताला ते फार आवडायचं. सात-आठ वर्षांची पोर, दिवसभर स्वतःच्या चुका शोधत फिरायची. पायाखाली मुंगी मेली. भावाचा गूळ चाटला. सांगून मोकळी झाली की चेहरा कसा धुतल्यासारखा दिसायचा.

मग धाकट्याला, मिलिंदला, कांजण्या आल्या. डॉक्टरचं औषध चालू होतं, पण ताप उतरेना. माझी आई दीक्षेनंतरही, घरात माता आली — कांजण्यांना आम्ही तेच म्हणायचो — की गुपचूप मातामाय देवीला पाणी घालायची. मला तेच आठवलं. वस्तीबाहेर कडुनिंबाखाली मातामायचे शेंदूर फासलेले दगड होते. एका दुपारी मिलिंदला शेजारणीकडे दिलं आणि सुजाताला सोबत घेतलं — दहीभाताची वाटी धरायला. आदल्या वर्षी सुजातालाही कांजण्या आल्या होत्या. तेव्हा गेले होते का मी? नाही गेले. मुलासाठी गेले.

दगडांवर पाणी घातलं, डोकं टेकवलं. माझं बघून पोरीनेही टेकवलं. बाबांना सांगू नको, असं मी तिला म्हटलं नाही. वाटलं, लहान आहे, विसरेल. जी मुंगी विसरत नव्हती, ती हे विसरेल?

संध्याकाळी तिची पाळी आली. हात जोडून म्हणाली, "बाबा, आज मी मातामायच्या पाया पडली. आईसंग पाणी घालाले गेली होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय का वं?"

एका शब्दाचं काम होतं. तो चिडला असता, चार दिवस बोलला नसता. त्यापलीकडे काय केलं असतं? मी म्हणाले, "मी काहून जाईन? राशनच्या लाइनीत उभी होती मी. पोट्टी मनचं सांगून राहिली."

त्याने तिला फोटोसमोर उभं केलं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन — ते शील म्हणायला लावलं. तिने म्हटलं, आणि पुढे म्हणाली, "पण आम्ही गेलो होतो ना." पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. मारलं नाही त्याने. फक्त उभं ठेवलं. मेणबत्ती संपत आली. पोर बापाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी मिलिंदचं अंग पुसत होते. त्याच्या उशाशी कडुनिंबाची डहाळी होती, त्याच झाडाची.

शेवटी ती म्हणाली, "खोटं बोलली मी, बाबा."

त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. शाबास म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तिची पाळी आली की ती म्हणायची, "काही नाही मोडलं." रोज तेच.

इथंच संपलं असतं तर मी विसरलेही असते. पण ती कॉलेजात जाऊ लागली, तेव्हा शहराच्या बसमध्ये एक पोरगा तिला त्रास द्यायचा. नवऱ्याच्या कामावरच्या जोडीदाराचाच पोरगा. तिने घरी सांगितलं. त्या पोराने नाही म्हटलं. नवरा म्हणाला, "हे बुद्धासमोर खोटं बोलली हाय. हिचं काय खरं मानू?" कॉलेज सुटलं. हिंगण्याकडचं स्थळ पाहून लग्न उरकलं. तेव्हाही मी स्वयंपाकघरातच होते, सगळं ऐकू येत होतं. मी भाजीला फोडणी दिली.

नवरा आजारी पडला, महिनाभर अंथरुणावर होता. माझ्याशी खूप बोलला. ती दुपार मी सांगितली नाही.

आज सुजाताच्या घरात कसलाच फोटो नाही. ती मुलीला वंदना शिकवत नाही, देव शिकवत नाही. नातेवाईक नावं ठेवतात, आणि त्यांच्यात बसून मीही म्हणते — शिकवायला पाहिजे होतं.

मिलिंद विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग घेतो. गेल्या रविवारी सुजाताची मुलगी, मैत्री, माझ्याकडे आली होती, म्हणून तिला घेऊन गेले. मिलिंद मुलांना खरेपणाची गोष्ट सांगत होता. एका मुलीची. ती बुद्धासमोर खोटं बोलली आणि बापाने तिला न मारता खऱ्यावर आणलं. शेवटी हसून म्हणाला, "ते पोरगी म्हणजे माही ताई." मुलं हसली. मैत्री नाही हसली.

घरी येताना तिने विचारलं, "आजी, माझी आई खोटं बोलायची?"

पुन्हा एका शब्दाचं काम होतं. मी म्हणाले, "लहान होती वं ते तवा."

रात्री सुजाताचा फोन आला. म्हणाली, "मैत्रीनं विचारलं. मी सांगितलं, हो, मी बोलली होती खोटं. तुहं नाव नाही घेतलं." मी काही म्हणेन म्हणून ती थोडं थांबली. मग तिने फोन ठेवला.

मी गॅस बंद केला, दार लावलं आणि झोपले. झोप लागली.