राखेत शेकलेली घागर

मादन हिप्परग्यात सोजराबाई तांबटीण हातोडी घेऊन बसली की जाणारे-येणारे नाकं मुरडायचे. नवरा अंबाजी गेला तरी बाईनं ऐरण सोडली नाही, हे त्यांच्या डोळ्यांत सलायचं. सलू दे. अख्ख्या मोगलाईत तिच्यासारखा मठार मारणारा हात दाखवा म्हणावं. मठार म्हणजे घागरीच्या अंगावर शेवटी मारलेले बारीक, चकाकते ठोके. त्यानं पितळ टणक होतं आणि टिचकी मारली की खणकन वाजतं.

एका पावसाळ्यात निंबर्ग्याहून निरोप आला. श्रीमंत पाटलाच्या लेकीच्या रुखवतासाठी दिलेली घागर आपोआप चिरली होती. ना पडली, ना आपटली. पाटलाची आई राजूबाई तोंडानं फटकळ. तिनं गावभर केलं, "पांढऱ्या कपाळाच्या हातची घागर. फुटणार न्हाई तर काय हुईल?"

असं बोलणं पसरल्यावर लगीनसराईत दुकानावर कोण फिरकणार? पण रडत बसणारी सोजरा नव्हे. तडक निंबर्ग्याला गेली.

लगीन होईस्तोवर लेकीची घागर गोठ्याच्या आढ्याला टांगायची, ही पाटलांच्या घरची चाल. गोठ्यात गोमूत्राचा वास असा उग्र, की डोळ्यांना धार लागावी. घागरीला काठापासून बुडापर्यंत उभी चीर होती. हा वासच पितळ खायलाय, असं सोजराला वाटलं. पण शेजारी टांगलेली जुनी पितळी घंटा धडधाकट होती. ती ओतीव होती, हातोडी न खाल्लेली. मग सोजराला उमगलं. ठोके खाऊन पितळ आतून ताणलेलं राहतं, आणि अशा ताणलेल्या पितळालाच तो वास फोडतो.

ताण घालवायचा तर घागर लालबुंद तापवावी. पण मग पितळ मऊ पडणार आणि मठाराची मेहनत पाण्यात जाणार. दुसरे तांबट इथंच हात टेकायचे. सोजरा मात्र रोज चुलीपुढंही बसत होती, मंद आचेचं मर्म तिला ठाऊक होतं. तिनं एक नवी मठारलेली घागर गवऱ्यांच्या गरम राखेत पुरली. आच किती? वर टाकलेलं ज्वारीचं पीठ तांबूस व्हावं, जळू नये, एवढीच. एवढ्या आचेत ताण सुटेल, पण पितळ मऊ पडणार नाही, हा तिचा होरा. घागर मळकट निघाली. चिंचेनं घासल्यावर लखलखली, आणि वाजली खणकन.

तिनं राजूबाईपुढं दोन घागरी ठेवल्या. "अक्का, काळा दोरा बांधलेली राखेत शेकलीय, दुसरी न्हाई. दोन्ही गोठ्यात टांगा."

"कामून? अजून फुटाव्यात म्हणून?"

"एकच फुटल," सोजरा म्हणाली.

पाऊस सरला तेव्हा बिनदोऱ्याची घागर उभी चिरली होती. दोऱ्याची होती तशीच. राजूबाईनं ती फिरवून फिरवून पाहिली, वाजवली. मग म्हणाली, "लग्नाला हीच दे. पर मांडवात ठेवायला सवाष्णीच्या हाती धाड."

सोजराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं करूनही हात वाईटच. "ज्या हातानं घडवली त्याच हातानं ठेवीन," ती म्हणाली. "न्हाईतर गुलबर्ग्याहून दुसरी आणा, आन् तुमच्या गोठ्यात टांगा."

लग्नाच्या दिवशी ती घागर कडेवर घेऊन थेट मांडवात शिरली. बायकांनी पदर आवरून घेतले. राजूबाई रुखवतापाशीच उभी होती. क्षणभर तिनं सोजराकडं रोखून पाहिलं. मग खाली वाकून लाडवांचं ताट सरकवलं आणि जागा करून दिली.