आखाजीची लाँच

सुरतेच्या उत्तरेला खाड्यांच्या जाळ्यात एक बेट आहे. तिथे मिठाशिवाय काही पिकत नाही. नव्वदच्या दशकात, म्हणजे तुमचे बाबा नुकतेच कॉलेजात जायला लागले होते तेव्हा, त्या बेटावर जायला पूल नव्हता, रस्ताही नव्हता. ओहोटीला चारी बाजूंनी माणूस रुतेल असा चिखल आणि भरतीला पाणी. जायचं तर लाँचनं. ती लाँच कधी सुटेल हे मात्र तिच्या तांडेलालाही, म्हणजे ती चालवणाऱ्यालाही, ठाऊक नसे.

तुम्हाला मोबाईलवर पार्सल कुठवर आलं ते दिसतं, आणि ते एक दिवस उशिरा आलं की तुम्ही फोनवर माझ्यापाशी कुरकुरता. म्हणून हे तुम्हाला नीट, क्रमानं सांगावंसं वाटलं.

तुमच्या आजोबांची धाकटी बहीण त्या बेटावर राहत असे. तिचा नवरा मिठागरावर मुकादम होता. आम्ही सुरतेच्या डिंडोलीत, दोन खोल्यांच्या घरात. आजोबा पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये जात, मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. नकाशावर पाहिलं तर नणंद आमच्या जवळच होती. पण आमच्या खानदेशातल्या गावी जाऊन येणं सोपं आणि तिच्याकडे जाणं अवघड, अशी स्थिती. बेटावरचं पीठ, रॉकेल, औषधं, सगळं त्या एका लाँचनं जाई आणि परतताना ती मिठाची पोती आणी. पोती जास्त झाली की माणसं मागे राहत. माणसांची लाँचवाल्या शेठला फारशी फिकीर नव्हती, कारण मीठ भिजलं तर कोणीतरी जाब विचारत असे.

त्या वर्षी तुमची पणजी, माझ्या सासूबाई, आमच्याकडे होत्या. मी त्यांना बाई म्हणत असे आणि त्यांची मुलं माय म्हणत. बाईंना काचबिंदू झाला होता. कडेचं सगळं गेलेलं, फक्त समोरचं एवढंसं उरलेलं, नळीतून पाहावं तसं. सुरतेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही फार टिकणार नाही. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर एकच बोलल्या, “आखाजीले पोर येई ना? तिले देखी लेसू.” म्हणजे, मुलगी आखाजीला येईल ना, तिला पाहून घेईन.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा लेकीबाळींचा सण. बाकी सणांना नाही आली तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी हवी. झाडाला झोके बांधायचे, सांजोऱ्या तळायच्या, आणि सासरी गेलेल्या मुलींनी चार दिवस मनसोक्त हुंदडायचं. लग्न झाल्यापासून नणंदेला एकही आखाजी मिळाली नव्हती. दरवर्षी लाँचनं दगा दिला होता.

आणि एक रीत होती. लेक आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस तिला घ्यायला जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी सासरच्या दारात उभा राहिला की मगच लेकीनं पिशवी उचलायची.

मी बाईंना म्हटलं, “लाँचचा हा असा भरवसा. बेटावर निरोप पाठवू या, जी लाँच मिळेल तिनं निघून ये म्हणून. ह्यांनी कशाला जायला हवं?”

बाई माझ्या आवाजाच्या दिशेनं वळल्या. “आपली पोर एकली येई? तिना सासरना काय म्हनतीन, माहेरले कोनी शेच नही?” सासरचे म्हणतील, हिला माहेरी कोणी नाहीच का.

“बाई, काळ बदलला.”

“तू इंग्रजी शिकेल शे, तुले काय समजस!”

आजोबा हसले. “ऐकलंस? तुझ्या इंग्रजीला आखाजी पाठ नाही,” असं मला म्हणाले आणि त्यांनी मिलमधून रजा काढली. मीही हसले. खरं सांगायचं तर मलाही ते आवडलंच होतं, भावानं बहिणीला आणायला जाणं. तांडेलाबरोबर निरोप गेला की भाऊ घ्यायला येतोय.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी आजोबांना पोचवायला धक्क्यावर गेले. लाँच सकाळच्या भरतीला सुटायची होती. आम्ही पोचलो तेव्हा ती तिथे नव्हतीच. तीन दिवसांपूर्वी बेटावर गेलेली, अजून परतली नव्हती. धक्क्यावर माणसं बसून होती. कोणाजवळ कोंबड्या, कोणाजवळ सिमेंटच्या गोण्या, एका बाईजवळ भाजीची टोपली. टोपलीतली कोथिंबीर मान टाकून पडली होती. बेटावर भिंती बांधायला निघालेला मराठवाड्याचा एक गवंडीही होता.

“मावशी, तुम्ही आज आलात व्हय?” तो मला म्हणाला. “मी परवा आलोय. येताना दाढी करून आलो होतो, आता बघा.”

“मग घरी जाऊन यायचंस,” मी म्हटलं.

“गेलो की नेमकी लाँच येणार. तिला माझ्याशी दुश्मनी आहे.”

भाजीवाली गुजरातीतून म्हणाली की तांडेल सासरवाडीला जाऊन बसला असेल, बेटावर त्याची दुसरी बायको आहे म्हणतात. सगळे हसले. आजोबाही हसले, पण त्यांचे डोळे पाण्यावर होते. भरती आली, चढली, उतरायला लागली. आजोबा एकदा मला म्हणाले, “ती तयार होऊन बसली असेल गं.”

दुपार कलती झाली तेव्हा लाँच दिसली. मिठानं पांढरी झालेली, काठापर्यंत पाण्यात दबलेली. पोत्यांवर पाच-सात माणसं बसून आली होती. आजोबा पार पाण्याच्या कडेला गेले, उतरणारा एकेक चेहरा पाहू लागले. ती त्यांत नव्हती.

तांडेलानं आजोबांना ओळखलं. तो हिंदीत म्हणाला, “आपकी बहन तो धक्के पर खडी थी. थैली भी हाथ में थी. मैंने बोला, बैठ जाओ, जगह है. बोली, नहीं, मेरा भाई लेने आएगा.”

आजोबा म्हणाले, “तिला सांगायचं नाही का, की मी इकडे अडकलोय?”

“मुझे क्या मालूम साब, आप इधर खडे हो?”

त्याचंही बरोबर होतं. दोन्ही काठांवर दोघं उभे, दोघंही रीतीप्रमाणे, आणि मधली एकच लाँच तिला न घेता आली.

“आता परत कधी जाणार?”

“पानी उतर गया. अब कल. कल भी, सेठ बोले तो.”

दुसऱ्या दिवशी शेठ बोलला नाही. हजिऱ्याला कुठल्याशा कामावर रोजचा माल मिळत होता, तिकडे त्यानं लाँच लावून टाकली. बेटाकडे अधूनमधून पाण्याची पिंपं घेऊन एक लहान होडी जाई, तीत माणसाला जागा नसे. त्यानंतर वारं सुटलं, मग पाऊस लागला आणि पावसाळ्यात तर ती वाट बंदच असे.

पण मला त्या संध्याकाळचं सांगायचं आहे. आम्ही घरी आलो तेव्हा बाई दाराबाहेर बसल्या होत्या. लख्ख उजेडात, अगदी समोर कोणी उभं राहिलं तरच त्यांना चेहरा दिसे, म्हणून दुपारपासून खाट उन्हात ओढून घेतली होती. ऊन सरकलं तशी खाटही सरकली होती. तुमचे बाबा त्यांना आत बोलावून थकले होते. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली.

“उनी का?” आली का?

आजोबांनी खाली बसून सगळं सांगितलं. नणंद पिशवी घेऊन उभी होती, लाँचमध्ये जागा होती, तरी ती बसली नाही, हेसुद्धा. मला वाटलं, हे तरी त्यांनी सांगायला नको होतं. बाई म्हणाल्या, “बराबर करं पोरनी. मीच शिकाडेल शे तिले.” मुलीनं बरोबर केलं, मीच तिला शिकवलं आहे. एवढं बोलून त्या उठल्या, भिंतीला हात लावत आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सण झाला. पितरांची घागर भरली, सांजोऱ्या झाल्या. शेजारणींच्या मुली झोक्यावर ओरडत होत्या. बाई जेवल्या, पण त्यांनी खाट पुन्हा बाहेर काढायला सांगितली नाही.

पावसाळ्यात त्यांचं उरलेलं दिसणं गेलं. एकदम नाही. आधी त्या माझा चेहरा ओळखेनाशा झाल्या, मग खिडकी कुठे आहे ते विचारू लागल्या.

दिवाळीच्या थोडं आधी, एका भर दुपारी, नणंद दारात उभी राहिली. एकटी. वाट सुरू झाल्यावर जी पहिली लाँच मिळाली तिच्यात ती चढली होती. कोणाला निरोप नाही, कोणाची वाट पाहणं नाही. बेटावरच्या उन्हानं आणि मिठानं तिचा चेहरा काळवंडला होता. ओठ फुटलेले, गालांवर भेगा. लग्नात पाहिलेली मुलगी त्यात शोधावी लागत होती.

ती बाईंच्या पुढ्यात जाऊन बसली. “माय, मी उनू.”

बाईंनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. कपाळ, भुवया, गाल. गालांवर बोटं थांबली, पुन्हा फिरली.

“काई पडनी का व पोरी?” काळी पडलीस का गं?

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“नही माय,” ती म्हणाली. “तशीच शे.”

बाईंनी हात काढले नाहीत. बराच वेळ त्या तिच्या गालांवरून बोटं फिरवत राहिल्या आणि ती तोंड न हलवता तशीच बसून राहिली.