भुशातला लाल डाग

आमच्या घोड्याची लघवी बिघडली हे घरात पहिल्यांदा मला कळलं. त्यात शहाणपण काही नव्हतं. गोठ्याची झाडलोट माझ्याकडे होती, एवढंच.

गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा नवऱ्याचा ट्रकही दारात उभा राहिला. तो मूळचा सावंतवाडीकडचा, वडिलांच्या टांग्यावर वाढलेला. माझ्या डिचोलीच्या माहेरच्यांना वाटलं, आता तो रिक्षा घेईल. त्याने घोडा आणला. पांढरा, खच्ची केलेला, स्वभावाने गरीब. लग्नाच्या वराती, शिगम्याची मिरवणूक, कधी पेडण्याकडच्या एखाद्या हॉटेलात पाहुण्यांचं स्वागत, अशी कामं मिळू लागली. नार्व्यातल्या आमच्या घरामागे म्हशींचा रिकामा गोठा होता. तिथे वखारीतला लाकडाचा भुसा पसरून घोड्याची सोय केली.

घोडा वाटेल तिथे मुतत नाही, हे मला त्याच्यामुळेच कळलं. कडक जमिनीवर पायांवर शिंतोडे उडतात म्हणून तो धरून ठेवायचा. बाहेरून आला की भुशावर जाऊन मागचे पाय लांब करायचा, नवरा हलकी शीळ घालायचा, आणि मग बाल्दी उपडी केल्यासारखी धार. नवरा त्याच्या मानेवर थाप मारून म्हणायचा, "बरा वाटला मा रे तुका?"

तुळशीचं लग्न होऊन वराती सुरू झाल्या त्या दिवसांतली गोष्ट. एका सकाळी भुशात एका मोठ्या ओल्या जागेऐवजी सात-आठ लहान लहान दिसल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग मी स्वयंपाकघराच्या जनेलातून लक्ष ठेवलं. घोडा पाय ताणून उभा राहायचा, शेपटी वर धरायचा, कण्हायचा. थोडंसं गळायचं आणि थांबायचं. पाय जवळ घेऊन तो परत ताणायचा. शीळ घालूनही काही फरक पडत नव्हता.

"अवो, त्याका नीट मुतूक होणा नाय," मी नवऱ्याला म्हटलं.

"थंडी पडली हा. पाणी कमी पिता तो."

चार दिवसांनी मी डॉक्टरांना बोलवायची गोष्ट काढली तेव्हा तो भडकलाच. "ल्हानपणापासून घोड्यांत वाढलंय मी. तू माका शिकवतंस? घोड्याचा नाय, माझा काय चुकता ताच तू शोधत असतंस." अंगणात जाऊबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या हसल्या. घोड्याच्या मुतावर बाईमाणसाने इतकी नजर ठेवावी याची मलाच लाज वाटली, आणि मी गप्प झाले.

भुशात मुरलेली लघवी जराशी तांबूस दिसते, घाबरू नको, असं नवऱ्याने मला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. म्हणून तांबूस डाग दिसायला लागले तेव्हा मी तीच समजूत करून घेतली. मग एका दुपारी नदीकाठच्या रस्त्याने फेरी मारून नवरा घोड्याला घेऊन आला आणि स्वतः आंघोळीला गेला. मी पाण्याची बाल्दी पुढे ठेवत होते. घोड्याने पाय ताणले. आधी नेहमीसारखं गढूळ पिवळं आलं, थोडंसंच. आणि शेवटचे थेंब कोकमाच्या आगळासारखे लाल. माझ्या डोळ्यांदेखत पडले. मुरलेला डाग वगैरे म्हणायला जागा नव्हती.

मी फावडं घेतलं आणि त्यावर भुसा ओढला.

दोन दिवसांवर डिचोलीतली वरात होती, माझ्याच माहेरच्या नात्यातली. सांगितलं तर पुन्हा भांडण, आणि वरात मोडली तर माहेरी बोल. लग्न होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं. दोन दिवसांनी काय होतंय, असंही मनाशी म्हटलं. ते खरं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं.

मुहूर्त दुपारचा, म्हणून वरात सकाळी दहा-अकराच्या उन्हात निघाली. मी बायकांच्या घोळक्यात मागे होते. बँड वाजत होता. घोडा शे-दीडशे पावलं चालला असेल आणि मधेच थांबला. मागचे पाय ताणले. वर बसलेला नवरदेव डुलला, लोक हसले, मोबाइल वर झाले, कुणीतरी शिट्टी मारली. माझा नवरा घोड्याच्या कानाशी काही बोलत होता. घोडा कण्हला. मग जे आलं त्यात पिवळं काही नव्हतंच. डांबरावर रक्त पडलं.

हसणं थांबलं. बँडवाल्यांना मागून कळलं, ते जरा वेळ वाजवतच राहिले.

"शुभकार्यात रगत! उतरया आदी पोराक!" नवरदेवाची आत्या ओरडली.

नवरदेव स्वतःच उतरला, घोड्याच्या मानेवरून हात फिरवला आणि चालत पुढे गेला. वरात त्याच्यामागून गेली. आम्ही दोघं एका वडाखाली टेम्पोची वाट बघत राहिलो. नवऱ्याने घोड्याची जरीची झूल काढली आणि घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली. तसं तो कितीतरी वेळ करत होता.

त्याच दुपारी तालुक्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून त्यांनी मागून हात घातला. "मूत्राशयात खडा आहे. मोठ्या लिंबाएवढा. चालताना आतून घासतो, म्हणून काम केलं की रक्त जास्त येतं. किती दिवस झाले?"

"धार पंधरा दिवस बारीक आहे," मी म्हणाले. लाल थेंबांचं बोलले नाही. नवराही काही बोलला नाही.

मग त्यांनी खाणं विचारलं. घोड्याला लसूणघासाचा हिरवा चारा मिळावा म्हणून नवरा बेळगावहून येणाऱ्या भाजीच्या गाडीवाल्याला खास सांगून ठेवायचा. ते त्याने कौतुकाने सांगितलं. "त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, फार असतं," बाई म्हणाल्या. "त्याच्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण आता बंद करा." नवरा मान हलवत राहिला. त्याचा चेहरा मला बघवेना.

तिसऱ्या दिवशी बेळगावचे एक डॉक्टर आले. घोड्याला गुंगी देऊन, उभ्यानेच, शेपटीखाली छेद घेऊन त्यांनी खडा काढला. मी डोकं धरून होते. त्याचा खालचा ओठ लोंबत होता आणि श्वास माझ्या मनगटावर येत होता. खडा पिवळट, खरखरीत, वर बारीक काटे. नवऱ्याने तो तळहातावर घेतला, बोटांनी दाबून बघितला आणि डॉक्टरांच्या मेजावर ठेवला.

जखम शिवायची नसते, आपोआप भरते. तोवर लघवी तिथूनच गळत राहते आणि मांड्यांची कातडी जळते. रोज तीनदा कोमट पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावायचं. एक जण धरणार, एक धुणार. असंच एका दुपारी धुताना मी बोलून टाकलं. "लग्नाच्या दोन दिस आदी माका रगत दिसला होता. मी सांगूक नाय."

तो लगाम धरून उभा होता.

"माका पण दिसला होता," तो म्हणाला. "नदीकडे. तुझ्या आदी आठ-धा दिस. पायान माती लोटलंय त्येच्यार."

मी दिवस मोजले. म्हणजे डॉक्टरांवरून तो माझ्यावर ओरडला तेव्हा त्याला माहीत होतं.

"मग माझ्यावर कित्याक ओरडलात?"

"तुका होय म्हटला असता तर तां खरा झाला असता."

मला त्याचा राग आला, आणि रागवायला मला तोंड नव्हतं. फडकं पिळून मी दुसरी मांडी पुसायला घेतली. घोड्याने पाय उचलून परत टेकला.

जखम महिनाभरात भरली. हलकं काम करायला डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती, पण वरातीला कुणी बोलावलं नाही आणि नवऱ्यानेही कुणाला विचारलं नाही. आता तो पावांचा टेम्पो चालवतो. पहाटे बेकरीत जातो, दहाला परत येतो आणि आधी गोठ्यात जातो. खडा पुन्हा धरू शकतो, असं बाई सांगून गेल्या आहेत. घोडा घरातच आहे, खातो, बरा दिसतो. मी विचारते, "आज कसो हा?" नवरा म्हणतो, "बरो हा." तेवढ्यावर माझं भागत नाही. तो घरात गेला की मी परत जाऊन बघून येते, आणि मी जाते हे त्याला ठाऊक आहे.